विश्लेषण : मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती? ते मोजतात कसे?

मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, सहारा वाळवंट आणि अटलांटिक महासागरावरून जाते. या रेघेने गेल्यास अंतर सुमारे १४,२०० किमी भरते. प्रत्यक्षात या दोन विमानतळांमधील सर्वात कमी अंतर आहे सुमारे १२,५३० किमी. ताशी ९०० किमी वेगाच्या विमानासाठी हा फरक जवळपास दोन तासांचा आहे. असे का होते?

नकाशा का फसवतो?

पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलावरचा सर्वात जवळचा मार्ग पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, म्हणजे बृहद्वृत्तावर असतो. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला पोहोचतो.

गणित काय आहे?

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. न्यूयॉर्कचे जेएफके ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम येथे. रेखांशातील फरक १४६.६५ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा. उत्तर येते उणे ०.३८६. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे, तो कोन ११२.७ अंशांचा. पृथ्वीच्या केंद्राशी एक अंश म्हणजे पृष्ठभागावर सुमारे १११.२ किमी. दोन्हींचा गुणाकार केला की १२,५३० किमी मिळतात.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, तर ध्रुवाशी ६,३५७ किमी. त्यामुळे अचूक उत्तर काही किलोमीटरने बदलते.

विमान तेवढेच उडते का?

नाही. वैमानिकाला वारे, वादळे आणि हवाई हद्दी पाहाव्या लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि दोऱ्यावरचा पहिलाच देश वगळावा लागला. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले.

प्रवाशांना फरक काय पडतो?

लांबच्या मार्गासाठी जास्त इंधन न्यावे लागते आणि त्या इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. वजनाची मर्यादा गाठली की माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात. खर्च वाढला की त्याचा ताण तिकिटावर येतो. त्यामुळे ॲपवर दिसणारे हवाई अंतर हे किमान अंतर समजावे. पुढची जोड-विमानसेवा ठरवताना मात्र अंतराऐवजी वेळापत्रकातील प्रवासाचा कालावधीच पाहावा.