फॉल्स सीलिंगचं काम सुरू आहे? शिडी आणि लिफ्ट स्थिर आहे का, फोनवर असं तपासा

हल्ली नवीन फ्लॅट घेतला की जिप्सम बोर्डचं पार्टिशन किंवा फॉल्स सीलिंग ठरलेलंच. अमेरिकेत यालाच ड्रायवॉल म्हणतात. ६ बाय ४ फुटांचा, १२.५ मिमी जाडीचा एक बोर्ड साधारण १८ किलोचा असतो. तो डोक्यावर धरून स्क्रू मारताना पायाखालची शिडी हलली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. इथे तुमच्या खिशातला फोन उपयोगी पडतो. कसा, ते पाहूया.

फोनला उतार कसा कळतो?
फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती याच्यामुळेच. गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखून तो फोन किती अंशांनी कललाय ते सांगतो. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल असते. अँड्रॉइडवाल्यांनी प्ले स्टोअरवर ‘बबल लेव्हल’ शोधा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे आकडा चुकतो, म्हणून फोन बटणं नसलेल्या कडेवर उभा ठेवा.

बोर्ड लिफ्ट
हे चाकं असलेलं तिपाई स्टँड. हँडल फिरवलं की बोर्ड वर जातो. बोर्ड जितका वर, तितका लिफ्टचा गुरुत्वमध्य वर. मग जमिनीचा थोडा उतारही धोक्याचा ठरतो. बाल्कनीत तर पाणी जावं म्हणून फरशीला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. त्यामुळे आधी फरशीवर सरळ पट्टी ठेवा आणि तिच्यावर फोन ठेवून उतार बघा. चाकांचे सगळे ब्रेक लावा. जागा बदलायची असेल तर बोर्ड आधी खाली घ्या, मगच लिफ्ट ढकला.

शिडी
भिंतीला टेकवलेल्या शिडीचा जमिनीशी कोन साधारण ७५ अंश हवा. सोपा हिशोब: शिडी ८ फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून २ फूट. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये यासाठी खास ॲप आणलं होतं. कोन बरोबर झाला की ते आवाज आणि व्हायब्रेशनने सांगायचं. घडीची शिडी मात्र पूर्ण उघडून, मधल्या पट्ट्या लॉक करूनच वापरायची. ती बंद ठेवून भिंतीला टेकवू नका.

फोन काय सांगत नाही?
ब्रेक घट्ट आहे का, फरशी निसरडी आहे का, हे कुठलंच ॲप सांगत नाही. जिप्समची पूड सांडली की शिडीचे पाय सरकतात, म्हणून आधी झाडून घ्या. ड्रिलची वायर शिडीच्या पायांपासून लांब ठेवा. वर चढण्याआधी शिडी हाताने हलवून बघा.

कोणी ‘काही होत नाही’ म्हणालं तरी ही दोन मिनिटं द्याच. आणि हो, वर चढल्यावर फोन खिशातच ठेवा. रील नंतर बनवता येईल!