दिलेल्या बिंदूतून जाणारी लंबरेषा

यूक्लिडाने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात लंबाच्या दोन स्वतंत्र रचना दिल्या आहेत. अकराव्या विधानात रेषेवरील बिंदूपाशी लंब उभारला आहे. बाराव्यात रेषेबाहेरील बिंदूपासून लंब टाकला आहे. बैजिक भूमितीत हा भेद उरत नाही, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत सार्थ आहे, ते तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

दिलेली रेषा अ·क्ष + ब·य + क = ० आणि बिंदू (प, फ) घ्यावा; अ व ब एकाच वेळी शून्य नाहीत. प्रचलित रीतीने प्रथम चढ −अ/ब काढतात आणि लंबरेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, या नियमाने इष्ट चढ ब/अ मिळवितात. परंतु अ किंवा ब शून्य असता ही रीत निरुपयोगी ठरते. भागाकार टाळून

ब(क्ष − प) − अ(य − फ) = ०

असे लिहिले, की हा दोष नाहीसा होतो; कारण लंबतेची खरी अट अ·ब + ब·(−अ) = ० ही असून तीत चढाचा उल्लेखच नाही. उदाहरणार्थ, ३क्ष − ४य + ५ = ० ही रेषा व (२, −१) हा बिंदू घेता ४क्ष + ३य − ५ = ० हे समीकरण येते आणि लंबपाद (१/५, ७/५) मिळतो.

लंबपाद काढताना मात्र अ² + ब² या राशीने भागावे लागते. वास्तव संख्यांत ती कधीच शून्य होत नाही. म्हणूनच तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. संमिश्र संख्यांत मात्र क्ष + √−१·य = ० ही रेषा स्वतःलाच लंब ठरते. ५ या मापांकाच्या सांत क्षेत्रात क्ष + २य = ० या रेषेचीही हीच स्थिती आहे, कारण १ + ४ = ५ म्हणजे तेथे शून्यच. तिला (१, ०) मधून काढलेला लंब क्ष + २य = १ हा होय. तो तिला समांतर असल्यामुळे लंबपादच संभवत नाही. बिंदू रेषेवर असेल, तर लंब म्हणजे ती रेषाच.

मूळ संख्या २ किंवा ४न + १ या रूपाची असता अशा रेषा आढळतात. ४न + ३ या रूपाची असता आढळत नाहीत. सारांश, लंबरेषेचे समीकरण कोणत्याही क्षेत्रात लिहिता येते. लंबपादाचे अस्तित्व मात्र त्या क्षेत्राच्या अंकगणितावर अवलंबून राहते. यूक्लिडाने केलेला भेद तेथे पुन्हा अर्थपूर्ण ठरतो.