कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?

26 जुलै 2008 च्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका सुरू झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना स्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल पोहोचला होता. त्या मेलचा माग काढत दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी येऊन थांबले. तिथे एक अमेरिकन गृहस्थ भाड्याने राहत होते. संगणक ताब्यात गेला, जाबजबाब झाले, वर्तमानपत्रांत नाव आणि फोटो झळकले. अखेर उलगडा झाला तो असा, की मेल त्यांनी पाठवलाच नव्हता. घरातले वायफाय उघडे होते. बाहेरून कोणीतरी ते वापरले आणि चालते झाले.

महिन्याभरात, 23 ऑगस्टला, दुसरा मेल आला तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. 13 सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. तिन्ही ठिकाणी मालक वेगळा, पाठवणारा वेगळा. मग 2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय हुडकत रस्त्यारस्त्यांवर फिरले. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

हे सगळे मुंबईकडचे, आपल्याकडे काय त्याचे, असे त्या वर्षी सातारा-सांगलीत कोणी म्हटले असते तर ते खपून गेले असते. आपल्याकडे तेव्हा नेट म्हणजे स्टँडजवळचा नेट कॅफे. 2011 च्या नियमांनी त्या कॅफेवाल्यावर ओळखपत्र पाहून रजिस्टरमध्ये नोंद करण्याचे आणि ती नोंद वर्षभर जपण्याचे बंधन घातले. पुढे कॅफे बंद पडले आणि नेट घरात आले. घरात मात्र रजिस्टर कोणी ठेवत नाही. साताऱ्याच्या शनिवार पेठेत किंवा सांगलीच्या विश्रामबागेत एका वायफायवर घरातले पाच फोन, टीव्ही, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि समोरच्यांचा दहावीतला मुलगा असे सगळे असतात. बाहेरच्या जगाला ही माणसे वेगवेगळी दिसत नाहीत. राउटर सगळ्यांना एकाच इंटरनेट पत्त्यामागे उभे करतो, आणि कंपनीच्या दप्तरात त्या पत्त्यासमोर ज्याने केवायसीला आधार कार्ड दिले त्याचे नाव असते. पोलीस पहिल्यांदा त्याच्या दाराशी येतात. पुढे सगळे सिद्ध होते, पण सानपाड्याच्या गृहस्थांना विचारा, 'पुढे' म्हणजे किती दिवस.

गंमत अशी, की एके काळी नुसते ऐकण्यासाठीसुद्धा सरकारची परवानगी लागे. सांगली आकाशवाणी केंद्र 1963 साली सुरू झाले, तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. ती पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. आता प्रत्येक घरात एक छोटे प्रक्षेपण केंद्रच चालू आहे आणि कोणी काही विचारत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने जानेवारी 2005 मध्ये परवान्याविना खुला केला, म्हणून हे शक्य झाले. लहरी मोकळ्या झाल्या, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या नेटला कुलूप लावायची जबाबदारी घरमालकावर आली.

ते कुलूप आजवर अनेकदा बदलले आहे. पहिले डब्ल्यूईपी, 1997 सालचे. 2001 मध्येच तीन संशोधकांनी त्याच्यातली मूळ खोट दाखवली आणि 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या विद्यापीठातल्या मंडळींनी ते मिनिटभरात उघडून दाखवले. मधल्या काळात, 2003 मध्ये, तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आले. 2004 मध्ये डब्ल्यूपीए2 आले, जे आजही बहुतेक घरांत आहे आणि नीट वापरले तर पुरेसे आहे. 2017 मध्ये बेल्जियममधल्या मथी वानहूफ या संशोधकाने त्यातही फट दाखवली, पण ती सॉफ्टवेअर अपडेटने बुजवता आली. ज्यांनी अपडेट केलेच नाही त्यांच्याकडे ती अजून आहे. 2018 मध्ये डब्ल्यूपीए3 आले. राउटर नवा असेल तर तो पर्याय यादीत दिसतो.

पण कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली कोण ठरवतो? आपल्याकडे फायबर ओढायला येणारा मुलगा. तो शिडीवरून उतरतो, पांढरी डबी भिंतीला ठोकतो आणि म्हणतो, "काका, तुमचाच मोबाईल नंबर ठेवलाय पासवर्ड. विसरायला नको." काकाही खूश. हा नंबर काकांच्या दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो.

समजा, हल्लेखोराला काका कोण हे ठाऊकच नाही. तरी गणित सोपे आहे. आपले मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात आणि पुढे नऊ आकडे. म्हणजे एकूण 400 कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटते. डब्ल्यूपीए2 वर चाललेल्या घरात फोन वायफायला जोडला जातो, तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. रस्त्यावर गाडीत बसलेला माणूस ती हवेतून टिपून घेऊ शकतो. मग घरी जाऊन, आपल्या राउटरला पत्ताही लागू न देता, एकेक नंबर लावून पाहतो. राउटर प्रत्येक पासवर्ड 4096 वेळा घुसळून त्याची किल्ली बनवतो. हा खटाटोप चोराला उशीर व्हावा म्हणूनच आहे. पण गेम खेळण्यासाठी विकले जाणारे चांगले ग्राफिक्स कार्ड एवढे करूनही सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासते. 400 कोटींना 10 लाखांनी भागा. 4000 सेकंद, म्हणजे तासाभरापेक्षा थोडे जास्त. डब्ल्यूपीए3 ची खरी कमाई हीच, की तिथे टिपलेले निरोप घरी नेऊन असा शोध घेता येत नाही.

पासवर्ड आठ ते 63 चिन्हांचा असू शकतो. रोमन लिपीत लिहिलेले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्यावेत. मुलांची नावे, कुलदैवत, जन्मसाल नको. 'अजिंक्यतारा' आणि पुढे 123 असा पासवर्ड साताऱ्यात किती घरांत असेल याचा अंदाज बांधायलाही नको. नेटवर्कचे नावही बदलावे, कारण किल्ली बनवताना ते नाव पासवर्डात मिसळले जाते. कंपनीने दिलेले सरसकट नाव ठेवले तर चोराला तयार याद्या वापरता येतात. पासवर्ड रोमनच लागतो, नाव मात्र देवनागरीत देता येते. तिथे मर्यादा 32 बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट खाते. 'सातारा' मावते, 'कृष्णामाई' मावते, 'छत्रपतींचा सातारा' मावत नाही.

प्रत्यक्ष बदल करायला पाच-दहा मिनिटे लागतात. डबी उलटी केली की खाली चिकटपट्टी दिसते. तिच्यावर वायफायचे नाव, पासवर्ड आणि बहुधा 192.168.1.1 असा आकडा असतो. फोन वायफायला जोडलेला ठेवून ब्राउझरमध्ये वर तो आकडा टाइप करायचा. लॉगिनचे पान उघडते. तिथला पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा, आणि अनेक घरांत लॉगिनचा अजून 'अॅडमिन' हाच असतो. सगळ्यात आधी तो बदलावा. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या मोडेमांवर मालवेअरचा हल्ला झाला, तो मूळचा पासवर्ड तसाच राहिलेल्या मोडेमांवर. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. काही कंपन्या हा पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत. तेव्हा त्यांच्या माणसाला बोलावून, समोर बसवून बदल करून घ्यावेत. लाजू नये, बिल आपण भरतो.

पुढे 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' असा विभाग आणि त्यात 'सिक्युरिटी'. यादीतून 'डब्ल्यूपीए2' आणि 'एईएस' निवडावे, डब्ल्यूपीए2 आणि 3 असा जोडपर्याय असेल तर तो अधिक चांगला. 'टीकेआयपी' दिसले तर सोडून द्यावे, ते त्या 2003 च्या डागडुजीतले. इथे हमखास एक गोष्ट राहून जाते. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क असतात आणि दोन्हींची पाने वेगळी. लोक एकाचे बदलतात, दुसरे जुन्याच मोबाईल नंबरवर चालू राहते. त्याच भागात 'डब्ल्यूपीएस' असेल, तो बंद करावा. पासवर्ड न टाकता फोन जोडायची ती सोय, पण तिच्यातला आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. दहा कोटींऐवजी 11 हजार प्रयत्नांत काम होते, हे 2011 मध्येच उघड झाले आहे. 'सेव्ह' दाबले की घरातले सगळे फोन एकदम तुटतात आणि ज्याची मालिका चालू होती त्याचा आवाज येतो. तो येणारच.

काही जण नेटवर्कचे नाव लपवतात. त्याचा उपयोग दारावरची नावाची पाटी काढून दार सताड उघडे ठेवण्याइतकाच. हवेतल्या लहरी वाचणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरला लपवलेले नाव चटकन कळते. ठरावीक फोनच जोडू देण्याची यादीही तशीच, कारण ती यादी फोन ज्या क्रमांकावरून ओळखते त्याची नक्कल करता येते. त्यापेक्षा डबीची जागा पाहावी. वाईच्या किंवा साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत हात-हातभर रुंद दगडी भिंती, त्यात रस्त्याकडच्या खिडकीशी राउटर. माजघरात रेंज नाही आणि समोरच्या चहाच्या टपरीवर मात्र पूर्ण.

आणखी एक आपल्याकडची बाब वळवाच्या पावसाची. मे महिन्यात वीज कडाडते आणि राउटर उडतो. फायबरवाला मुलगा नवा आणून लावतो आणि सगळी मांडणी पुन्हा मूळपदावर येते. रिसेटचे बटण दाबले तरी तेच. अशा वेळी पासवर्ड पुन्हा तपासला नाही, तर वर्षापूर्वी केलेली मेहनत पाण्यात.

खानापूर-आटपाडी भागातली गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली माणसे देशभर विखुरलेली आहेत. विट्याजवळचे बंद घर चेन्नईतून फोनवर पाहता यावे म्हणून सीसीटीव्ही बसवलेले असतात. चोरीवर लक्ष ठेवायला घेतलेला हा कॅमेरा मूळ पासवर्डावर ठेवला तर घरातला सगळ्यात कच्चा दरवाजा तोच. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने जगभरचे असेच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. मालकांना कळलेही नाही, कॅमेरे चित्र दाखवतच होते. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, त्याचे अपडेट करा, आणि राउटरमध्ये बाहेरून लॉगिन करण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

एवढे करूनही ओटीपी सांगणाऱ्याचे पैसे वाचत नाहीत, हेही सांगून टाकतो. बँकेच्या अॅपमधला व्यवहार वायफायवर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे कूटबद्ध होतो. आज लोक लुटले जातात ते फोनवरच्या गोड किंवा दरडावणाऱ्या आवाजाने, त्याची तक्रार करायला 1930 हा नंबर आहे. वायफायचे संकट वेगळे, ते नावाचे आहे.

राउटरमध्ये वेळापत्रकाचीही सोय असते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवायचा पायंडा पाडला. ज्यांच्या गावात असा भोंगा नाही त्यांना मुलांच्या फोनपुरते नेट ठरावीक वेळी बंद करता येते. मुले दोन दिवसांत मोबाईल डेटा सुरू करतात, तो भाग वेगळा.

राहिला शेजारी. पासवर्ड मागितला तर नाही म्हणणे आपल्याला जमत नाही, जमूही नये. त्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' आहे. वेगळे नाव, वेगळा पासवर्ड; त्यावर जोडलेल्या फोनला नेट मिळते, घरातला कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर दिसत नाही. भिलार, पाचगणी, महाबळेश्वर, कासच्या वाटेवर ज्यांनी घरातल्या खोल्या पर्यटकांना दिल्या आहेत, त्यांनी भिंतीवर पासवर्ड लिहावा तो याच नेटवर्कचा. हंगाम संपला की तो बदलायचा, घरातल्या एकाही वस्तूला हात लावावा लागत नाही.

पण पाहुण्यांचे हे नेटवर्कही बाहेर पडते ते त्याच तारेने आणि त्याच पत्त्याने. त्यावरून कोणी काही पाठवले तर दप्तरात नाव मालकाचेच निघणार. म्हणून मुक्कामी आलेल्यांचे ओळखपत्र आणि येण्या-जाण्याची वेळ ज्या वहीत लिहिली जाते ती हंगाम संपला म्हणून रद्दीत देऊ नये. आणि घरगुती कनेक्शनवर खोल्या चालवणाऱ्यांनी व्यवसायाच्या नावाने वेगळे कनेक्शन घ्यावे.