तो भात, ती पोळी, ते वरण

मराठी मुलखात नव्याने उतरलेल्या परदेशी मिशनऱ्याची पहिली परीक्षा जेवणाच्या ताटावर व्हायची. तिखटाची नव्हे, व्याकरणाची! एकाच ताटात भात 'तो', पोळी 'ती' आणि वरण 'ते'. त्यातून सावरतो न सावरतो तोच 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे 'च' पुढे उभे. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहायला सारखे, बोलायला निराळे. 'ळ' तर इंग्रजी जिभेने कधी ऐकलेलाच नाही. एवढे साधले तरी लिप्या दोन: पोथीची बाळबोध आणि हिशेबाची, पत्रव्यवहाराची मोडी.

शिकवायला आलेल्या या माणसांना आधी शिकायला बसावे लागले. जे मन लावून बसले त्यांचेच नाव इथे राहिले, असे मला ठामपणे वाटते. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात आलेल्या एका पोलिश पाहुण्याची गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी त्याचे काही पूर्वसूरी.

ओवी लिहिणारा इंग्रज. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात पोचला. तो इथली भाषा इतकी शिकला, की त्याचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत आहे, आणि ओव्या दहा हजारांहून जास्त. १६१६ साली ते छापले गेले ते मात्र रोमन लिपीत. देवघेव दुसऱ्या बाजूनेही झाली. 'पाद्री' हा शब्द पोर्तुगिजांचा. 'पाव', 'पगार' आणि 'चावी'सुद्धा त्यांचेच.

आल्या आल्या हद्दपारी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यातच ब्रिटन आणि अमेरिका यांचे युद्ध जुंपलेले. या दोघांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. ते निसटून कोचीनपर्यंत गेले, तिथून पुन्हा मुंबईला आणले गेले. अखेर राहायची परवानगी मिळाली. त्यांनी रोवलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले.

विल्यम केरीची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्रात न राहता, बंगालमध्ये बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचे व्याकरण रचले आणि १८०५ साली छापले. पुढे १८१०चा त्याचा मराठी कोश तर चक्क मोडीच्या खिळ्यांनी छापलेला. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आला आणि मराठी शिकायला थेट हर्णैला गेला. शहरात इंग्रजीवर निभावता आले असते. कोकणातल्या बंदरात मराठीवाचून गत्यंतर नव्हते. मुंबईचे विल्सन कॉलेज त्याचेच.

सांगली-मिरजेच्या माणसाला यांतले एक नाव रोजच्या बोलण्यात भेटते. डॉ. विल्यम वानलेस कॅनडात जन्मले, १८८९ साली भारतात आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९२ साली मिरजेला गेले. १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल उभे राहिले. मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले त्याचा उगम इथे. वानलेसवाडी हे ठिकाण आज पत्त्यावर लिहिले जाते. त्यामागे हा डॉक्टर आहे.

आता औंध.

१९३८ साली इथे मॉरिस फ्रीडमन आला. जन्म वॉर्सातल्या ज्यू कुटुंबातला, पेशा इंजिनिअरचा. बंगळुरूला म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना तो चालवत होता आणि तोही भगव्या वेषात! संन्यास घेतल्यावरचे नाव भारतानंद. तो कुठल्या चर्चचा प्रचारक नव्हता. त्याचे मिशन होते गांधीजींचे ग्रामस्वराज्य. सूतकताईची 'धनुष तकली' त्याचीच.

आणि आला तो कसल्या गावात! टेकडीवर यमाईचे देऊळ. खाली राजा भवानराव पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रे काढत, उभे राहून कीर्तन करत आणि रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांतही नमस्कार सक्तीचे. पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळात वेदांची छपाई चाललेली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या श्रीभवानी संग्रहालयात आज रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतच्या कलाकृती आहेत. मूरचे शिल्प साताऱ्याच्या एका खेड्यात! अशा गावात नवखा माणूस परका वाटणे कठीणच.

फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचे काम हाती घेतले. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये ७२ गावांच्या या संस्थानात ग्रामपंचायतींवर उभी असलेली घटना लागू झाली. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून साडेआठ वर्षे होती. एक राजा आपण होऊन गादीवरची सत्ता सोडतो, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे.

फ्रीडमनच्या कल्पनेतून आटपाडीजवळ आणखी एक गोष्ट घडली: स्वतंत्रपूर. भिंतीवाचूनचा तुरुंग. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचे, शेती कसायची आणि विश्वासाला जागायचे. हीच कल्पना व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटात दिसते. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमा याच आटपाडी भागातले, औंध संस्थानच्या मातीतले. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला.

औंधने माणसे नुसती घेतली नाहीत, बाहेरही पाठवली. भवानराव १९३६ साली विलायतेला गेले आणि तिथे सूर्यनमस्कार दाखवून आले. दोनच वर्षांनी त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. आप्पासाहेब १९४८ साली स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. परक्या मुलखात पहिले पाऊल टाकण्याची पाळी आता औंधकराची होती. आप्पासाहेबांनीही आयुष्यभर सूर्यनमस्कार सोडले नाहीत आणि त्यांवर पुस्तकही लिहिले.

फ्रीडमन मात्र परत गेला नाही. मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी तो पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. महाराज बोलत ते मराठीत. त्या बोलण्याच्या ध्वनिफितींवरून फ्रीडमनने इंग्रजी अनुवाद केला आणि १९७३ साली 'आय ॲम दॅट' प्रसिद्ध झाले. आज जगभरचे लोक महाराजांना ओळखतात ते या पुस्तकामुळे. पोलंडहून आलेल्या माणसाने मराठीला दिलेली ही सर्वांत मोठी भेट. त्याने मुंबईतच देह ठेवला.

औंधला यमाईच्या दर्शनाला आणि संग्रहालय पाहायला पुष्कळ जण जातात. पुढच्या खेपेला गाडी आटपाडीकडेही वळवा. स्वतंत्रपूर अजून आहे, आणि तिथे अजूनही कैदी शेती करतात.