दोन खिडक्या आणि एक चंद्र

हात लांब करून अंगठा धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. तोच नाकाजवळ आणा, उडी मोठी होते. ही उडी मोजता आली, तर टेप न लावताही अंतर सांगता येईल. जुने रेंजफाइंडर कॅमेरे नेमकं हेच करतात, आणि त्यासाठी त्यांना सेलही लागत नाही.

कॅननचा १९७२ चा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री घ्या. लायका कॅमेऱ्यांच्या मानाने तो आजही सेकंडहँड बाजारात पुष्कळच स्वस्त पडतो. एका खिडकीतून आपण थेट पाहतो. शेजारच्या लहान खिडकीतून आलेलं दृश्य आरशावरून वळून अर्धपारदर्शक काचेवर येतं आणि मधल्या पिवळसर ठिपक्यात पहिल्या दृश्यावर पडतं. म्हणून तिथे समोरच्या माणसाला दोन नाकं दिसतात. लेन्सची कडी फिरवली की आतली तरफ हलते आणि दुसरं नाक सरकू लागतं. नाकावर नाक बसलं की फोकस लागला!

यातला कोन किती बारीक असतो पाहा. खिडक्यांत समजा ४ सेंटिमीटर अंतर आहे. १ मीटरवरच्या वस्तूसाठी दोन्हींच्या नजरेतला कोन सुमारे २.३ अंश भरतो. १० मीटरवर तो पाव अंशाहूनही कमी होतो. म्हणून जवळच्या चेहऱ्यावर हे यंत्र पक्कं बसतं आणि लांब गेल्यावर त्याची नजर मंदावते. पण लांबच्या दृश्यात कॅनोनेटची ४० मिलिमीटरची लेन्स थोडीफार चूक सहज पोटात घालते.

आपण लेन्समधून पाहतच नसल्यामुळे फोटो निघताना डोळ्यापुढे अंधार होत नाही. त्याची दुसरी बाजूही आहे: लेन्सवर टोपण राहिलं, तरी खिडकीतलं जग लख्खच दिसतं.

जुना कॅमेरा विकत घेताना मागचं झाकण उघडा. कडेचा काळा फोम चिकट झाला असेल, तर तो बदलावा लागेल. मग १/४ सेकंदावर खटका दाबून शटरची पाती पाहा. जुन्या तेलाने ती अडकतात. कॅनोनेटमध्ये सेल फक्त प्रकाशमापकाला लागतो. मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, पण श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल व्होल्टेजने जवळपास तसाच असतो. तो आकाराने लहान, म्हणून भोवती एक कडं घालावं लागतं. सेल नसला, तर उजेडाचा अंदाज घेऊन शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने लावा; रोल बिनदिक्कत चालतो.

शेवटची परीक्षा रात्रीची. कडी अनंतावर ठेवून चंद्राकडे पाहा. तो सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. त्याच्यापुढे ४ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, दोन्ही खिडक्यांत येणारे किरण समांतरच. तेव्हा चंद्र एकच दिसायला हवा. दोन दिसले, तरी घाबरू नका: हे जुळवायची सोय कॅमेऱ्याच्या आतच असते, चांगला कारागीर ते करून देतो. फक्त ते दोन्ही चंद्र विकणाऱ्याला दाखवा आणि मग भाव पाडा.