कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचं उत्तर : 'चांगदेव पासष्टी'त आहे तरी काय?

पुणे-नाशिक हायवेने जाताना आळेफाट्यावर तुम्ही कधीतरी चहाला थांबला असाल. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात चक्क एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोच हा रेडा. भावंडं परत निघाली तेव्हा वाटेत त्याने इथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे.

या गोष्टीतला चमत्कार सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यामागचा प्रश्न मात्र मागे पडतो. ज्ञानाचं बोलायचा अधिकार कुणाला? संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांना वाळीत टाकलं होतं.

मोठं कोण आणि लहान कोण, हा तिढा ज्ञानेश्वरांच्या एका छोट्या रचनेमागेही आहे. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीच्या सावलीत ती झाकली गेली. तिचं नाव 'चांगदेव पासष्टी'.

पत्र कोरं का होतं?

आख्यायिका अशी, की योगी चांगदेव चौदाशे वर्षांचे होते. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून ते पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. 'चिरंजीव' लिहावं, तर समोरचा ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावं, तर वयाने पोरगा. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाल्या, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला! निवृत्तीनाथांनी मात्र ज्ञानेश्वरांना उत्तर लिहायला सांगितलं.

उत्तरात काय आहे?

ज्ञानेश्वर चांगदेवांना हरवायला बघत नाहीत. ते म्हणतात, सोन्याचा दागिना झाला तरी सोन्याचं सोनेपण कमी होत नाही. तसं एकच तत्त्व जग होऊन दिसतं. आरशात तोंड दिसतं, पण आरसा नसला तरी तोंड असतंच. म्हणजे पाहणारा आणि दिसणारं, हे दोन वाटले तरी मुळात एकच. मग तुझी-माझी भेट कशी? मीठ पाण्याचा ठाव घ्यायला गेलं आणि विरघळलं, तशी. आता मोजणार कोण आणि मोजायचं काय?

थोडक्यात, मायन्याचा प्रश्नच उरत नाही. परंपरेनुसार पुढे याच चांगदेवांनी वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू केलं.

आज कमेंटमध्ये वाद सुरू झाला, की आपण आधी समोरच्याचं वय, जात, डिग्री बघतो. तो काय म्हणतोय, हे नंतर. चांगदेवही तिथेच अडले होते. फरक एवढाच, की त्यांनी खोटं काही लिहिलं नाही. कागद कोरा ठेवला आणि पाठवला. त्या कोऱ्या कागदामुळेच पासष्टी लिहिली गेली.

वाचायची असेल तर एकट्याने वाचू नका. ओव्या फक्त ६५ आहेत. कुणाला तरी सोबत घ्या. एक ओवी तुम्ही वाचा, अर्थ त्यांना सांगू द्या. पुढच्या ओवीला अदलाबदल करा.