एंजलच्या टाकीत कोण नांदेल?

गेल्या दिवाळीत मुलांच्या हट्टापायी आमच्याकडे माशांची काचेची टाकी आली. चार एंजल, दहा निऑन टेट्रा आणि दुकानदाराने ‘राहतील हो सगळे गुण्यागोविंदाने’ म्हणून गळ्यात मारलेले दोन गोल्डफिश. एंजल तेव्हा रुपयाएवढे होते. होळीपर्यंत ते चांगले वाढले आणि एका सकाळी धाकटीने मोजले, तर निऑन सहाच! चौघांना एंजलने रात्रीत गट्ट केले होते. पोरगी दिवसभर जेवली नाही.

दिसायला कितीही नाजूक असला, तरी एंजल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड, बरं का! तोंडात मावेल ते तो गिळणारच. त्याला सोबत द्यावी तळाशी हिंडणाऱ्या गरीब कोरीडोरासची. टायगर बार्ब नकोत, ते एंजलचे लांब पर कुरतडतात. ऑस्करचे तर नावच काढू नका, तो फूटभर वाढतो.

पाण्याचेही तसेच. एंजलला २५ ते २८ अंश मानवतात, डिस्कसला २८ ते ३०. गोल्डफिश मात्र थंड पाण्यातला, २० अंशांच्या आसपास खूश. एकाच टाकीत दोघांना सुख कसे लागणार? थंडीत रात्री पाणी गार पडते, तेव्हा एंजलसाठी हीटर हवाच. लीटरमागे साधारण एक वॅट. पाणी बदलण्याआधी तो बंद करून निवू द्या, नाहीतर काच तडकते.

आमचे गोल्डफिश आता जाऊबाईंच्या मोठ्या टाकीत आहेत. सहा निऑनना वेगळी टाकी घेतली. धाकटी अजून रोज सकाळी मोजते.